रुग्ण आणि चुंबक : उघड्या एम. आर. आय. यंत्राची कथा

वैद्यकीय उपकरणांचा इतिहास बहुधा ती शोधून काढणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कल्पना प्रथम कोणाला सुचली, पहिला प्रयोग कोणी केला, पारितोषिक कोणाला मिळाले आणि अन्याय कोणावर झाला, एवढे सांगून तो संपतो. हे अयोग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. शोधकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रत्येक उपकरणाला दुसरीही एक बाजू असते. ज्याच्या छातीला, डोक्याला किंवा पाठीला ते लावले जाते, त्या माणसाची ती बाजू. ‘ओपन एम. आर. आय.’ ही अक्षरे आज शहरोशहरी तपासणी-केंद्रांच्या पाट्यांवर दिसतात. या उघड्या यंत्राचा इतिहास आम्ही येथे त्या दुसऱ्या बाजूने सांगणार आहोत. हे यंत्र उघडे का करावे लागले, उघडे करताना काय गमवावे लागले, आणि त्यात झोपणाऱ्याने कशाची अपेक्षा ठेवावी, हे तीन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण घेऊ. पॅरिस येथील नेकर रुग्णालयातील डॉक्टर लाएनेक यांना १८१६ साली एका तरुण स्त्रीची छाती तपासावयाची होती. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोप जन्मला तो असा. रुग्णाचा संकोच हेच त्याच्या जन्माचे कारण होते. एम. आर. आय. यंत्राची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ते जन्मले तेव्हा रुग्ण कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. तो पुढे आला, आणि त्याच्या भयाची दखल तर त्याहूनही उशिरा घेतली गेली.

प्रयोगशाळेतील जन्म

आपल्या शरीराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाण्याचा आहे. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन. हा प्रोटॉन एखाद्या सूक्ष्म लोहचुंबकासारखा वागतो आणि स्वतःभोवती फिरतही असतो. मुलांचा भोवरा फिरता फिरता जसा डुलतो, तसा हा प्रोटॉन मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात सापडला म्हणजे डुलू लागतो. त्याच्या डुलण्याचा वेग चुंबकाच्या बळावर अवलंबून असतो. चुंबकाचे बळ मोजण्याचे एकक टेस्ला. एक टेस्ला बळाच्या क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे सव्वाचार कोटी वेळा डुलतो. नेमक्या त्याच वेगाच्या रेडिओ लहरी बाहेरून सोडल्या तर तो त्यांतील शक्ती शोषून घेतो. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो वर चढतो, तसाच हा प्रकार. लहरी थांबल्या की शोषलेली शक्ती प्रोटॉन हळूहळू परत देतो आणि ती क्षीण रेडिओ-संकेताच्या रूपाने पकडता येते. चरबी, स्नायू, मेंदूचा करडा भाग, सुजलेला भाग, या प्रत्येकातील प्रोटॉन निरनिराळ्या गतीने पूर्वस्थितीला येतात. या गतिभेदातूनच पुढे चित्र उमटते. या घटनेला शास्त्रीय भाषेत चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात इसिडोर रॅबी यांनी १९३८ साली रेणूंच्या झोतावर हे अनुस्पंदन दाखविले आणि १९४४ सालचे नोबेल पारितोषिक मिळविले. महायुद्ध संपल्यावर १९४६ साली स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांनी आणि हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, पाणी आणि मेण अशा साध्या पदार्थांत हाच परिणाम सिद्ध केला. १९५२ सालचे नोबेल त्या दोघांना विभागून मिळाले.

या प्रारंभीच्या काळात आपल्या देशातील माणसेही होती, हे पुष्कळांना माहीत नसते. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे श्रीनिवास धर्मात्ती यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५१ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मद्यार्काच्या एकाच रेणूतील निरनिराळ्या जागी बसलेले हायड्रोजन निरनिराळे संकेत देतात, हे त्यात दाखविले होते. रसायनशास्त्राला या निबंधाने नवी दृष्टी दिली. पुढे याच धर्मात्तींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला. त्याच १९५१ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील अनुस्पंदनावर निबंध लिहिला. नसांतून वाहणारे रक्त याच तत्त्वाने पाहता येईल, ही पुढच्या काळातील गोष्ट होय. परंतु तिचे बीज त्या निबंधात होते.

तथापि या सर्व संशोधकांपुढे होते ते काचेच्या नळीतील चमचाभर द्रव. माणूस अद्याप चुंबकाच्या बाहेरच उभा होता.

माणूस चुंबकात शिरतो

१९७१ साली रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या शरीरातील कर्करोगाच्या गाठी तपासून दाखविले की, रोगट पेशींतील प्रोटॉन निरोगी पेशींतील प्रोटॉनांहून अधिक सावकाश पूर्वस्थितीला येतात. म्हणजे रोग ओळखण्याची खूण सापडली. परंतु संकेत शरीराच्या कोणत्या बिंदूतून आला हे कसे कळावे? हे कोडे पॉल लॉटरबर यांनी सोडविले. चुंबकाचे बळ सर्वत्र सारखे न ठेवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरते ठेवले, तर प्रत्येक ठिकाणचा प्रोटॉन वेगळ्या वेगाने डुलेल आणि त्या वेगावरून त्याचा ठावठिकाणा कळेल. १९७३ साली ‘नेचर’ नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील चित्र होते पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे. हा निबंध संपादकांनी प्रथम परत पाठविला होता, हे इतिहासात नमूद आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र झपाट्याने काढण्याची गणिती रीत शोधली. २००३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले. आपल्याला वगळल्याबद्दल डमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचे लक्ष आहे ते चुंबकात प्रथम शिरलेल्या माणसांकडे.

डमेडियन यांनी आपल्या यंत्राचे नाव ‘अजिंक्य’ या अर्थाचे ठेवले होते. त्यात ते प्रथम स्वतःच बसले. परंतु संकेत मिळेना. त्यांच्या भरदार देहाला ते वेटोळे पुरे पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. मग ३ जुलै १९७७ रोजी लॅरी मिन्कॉफ हा त्यांचा सडपातळ विद्यार्थी त्यात बसला. छातीचा एक आडवा छेद टिपावयास जवळजवळ पाच तास लागले. पुढच्या वर्षी मॅन्सफील्ड स्वतः आपल्या यंत्रात शिरले. क्षेत्राच्या झपाट्याने होणाऱ्या बदलांमुळे हृदयाला धोका पोहोचू शकेल असा इशारा त्यांना मिळालेला होता, तरीही ते मागे सरले नाहीत. पाच तास निश्चल बसण्याला किंवा धोका पत्करण्याला ही माणसे तयार झाली, कारण आत काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते. पुढे येणाऱ्या रुग्णाजवळ नेमके हेच ज्ञान नसणार होते.

रोगी माणसाला प्रत्यक्ष उपयोग व्हावा असे पहिले संपूर्ण शरीराचे चित्रण स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन मॅलर्ड यांच्या पथकाने २८ ऑगस्ट १९८० रोजी केले. रुग्ण कर्करोगाने जर्जर झालेला होता. छातीतील मूळ गाठ आणि यकृतात व हाडांत पसरलेला रोग त्या चित्रात दिसला. त्या यंत्राचे बळ अवघे ०.०४ टेस्ला होते, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. या आकड्याकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

बोगदा कसा झाला

यानंतर स्पर्धा लागली ती बळाची. चुंबक जितका बलवान तितका संकेत मोठा, आणि संकेत मोठा तितके चित्र स्वच्छ. मोठे बळ मिळविण्याचा उत्तम उपाय म्हणजे अतिसंवाहक तारेचे लांब नळकांडे. काही धातू अतिथंड केले असता विजेला कसलाही विरोध करीत नाहीत, हा शोध हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांनी १९११ सालीच लावला होता. नायोबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी द्रवरूप हीलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवली की त्यांत एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. अशा नळकांड्याच्या पोटात चुंबकीय क्षेत्र अत्यंत समान असते, आणि चांगल्या चित्राला समान क्षेत्र अवश्य असते. दीड टेस्लाचे यंत्र याच रीतीने रूढ झाले. पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वाच्या ते सुमारे तीस हजार पट होते. भारतात दिल्लीच्या संरक्षण खात्याच्या अण्वीय वैद्यक संस्थेत १९८६ साली पहिले एम. आर. आय. यंत्र बसले, तेही या बोगद्याच्या घराण्यातीलच.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने नळकांडे हा आदर्श आकार. परंतु त्या नळकांड्याच्या पोटात आता माणूस घालावयाचा होता. जुन्या धाटणीच्या बोगद्याचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर. आडव्या माणसाच्या नाकासमोर वीतभर अंतरावर छत, दोन्ही खांद्यांना भिंत, आणि त्यात अर्धा-पाऊण तास हालचाल न करता पडून राहावयाचे. शिवाय आवाज. संकेताचे स्थान ठरविण्यासाठी जी उतरत्या क्षेत्राची वेटोळी असतात, त्यांतील प्रवाह क्षणोक्षणी चालू-बंद होतो. प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यात ती वेटोळी प्रत्येक वेळी हिसका खातात आणि हातोड्याचे घाव पडावेत तसा ठोकठोकाट होतो. तो शंभर डेसिबेलांच्याही वर जाऊ शकतो.

रुग्णाच्या मनाची पहिली दखल घेतली गेली ती नावात. मूळ नावात ‘अणुकेंद्रीय’ असा शब्द होता. त्या शब्दाने लोकांना अणुबाँबची आठवण होई, म्हणून १९८० नंतरच्या काही वर्षांत तो गाळला गेला. वास्तविक या तपासणीत क्ष-किरणही नाहीत आणि किरणोत्सर्गही नाही. शब्द गाळल्याने एक खोटे भय गेले, हे चांगलेच झाले. परंतु जे भय खरे होते, म्हणजे कोंडले जाण्याचे, त्याचे काय?

ज्या रॅबींच्या प्रयोगातून हे सारे उगम पावले, त्यांनाच अखेरच्या आजारात या यंत्रात झोपावे लागले. बोगद्याच्या चकचकीत आतल्या पृष्ठभागावर त्यांना स्वतःचेच वेडेवाकडे प्रतिबिंब दिसले. आपले संशोधन येथवर येईल असे आपल्याला कधी वाटले नव्हते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. जानेवारी १९८८ मध्ये ते निवर्तले. अनुस्पंदनाच्या जनकालाही आतून ते यंत्र विलक्षण वाटले, तर पाठीच्या मणक्यासाठी जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या शेतकऱ्याला त्यात घाम फुटला यात नवल ते काय?

हे भय हसण्यावारी नेण्याजोगे नाही. वैद्यकीय वाङ्मयात असे दिसते की शंभर रुग्णांपैकी एकापासून पंधरांपर्यंत माणसांना बंदिस्त जागेच्या भीतीमुळे तपासणी पुरी करता येत नाही किंवा गुंगीचे औषध द्यावे लागते. अर्ध्यावर उठून आलेला रुग्ण बहुधा पुन्हा येत नाही. त्याचा रोग मात्र त्याच्याबरोबर घरी जातो. भयाची किंमत ही अशी द्यावी लागते.

भिंती दूर होतात

उपाय तत्त्वतः सोपा होता. चुंबकाचे नळकांडेच कशाला हवे? दोन मोठ्या तबकड्या, एक वर आणि एक खाली, मध्ये रुग्ण, आणि तबकड्यांना पेलणारे एक-दोन खांब. बाजू मोकळ्या. कायमच्या लोहचुंबकांनी हे साधते. हीलियमची गरज नाही. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने ०.२ टेस्लाचे आणि जपानच्या हिताची कंपनीने ०.३ टेस्लाचे असे यंत्र १९९० नंतरच्या दशकात बाजारात आणले. बोस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयात १९९४ साली दोन उभ्या कड्यांचे यंत्र बसले. दोन कड्यांच्या मधल्या फटीत शस्त्रवैद्य उभा राही आणि चित्र पाहत पाहत शस्त्रक्रिया करी. डमेडियन यांच्या कंपनीने रुग्णाला उभे किंवा बसते ठेवून तपासणारे यंत्र काढले, कारण शरीराचा भार मणक्यावर असताना तो कसा दिसतो हे झोपलेल्या रुग्णात कळत नाही. इटलीत फक्त हात किंवा पाय आत घालावयाची छोटी यंत्रे झाली.

मोकळ्या जागेची किंमत बळात मोजावी लागली. ०.३ टेस्लाच्या यंत्रात संकेत दीड टेस्लाच्या मानाने बराच क्षीण असतो. तो भरून काढण्यासाठी एकच चित्र पुनःपुन्हा घ्यावे लागते, म्हणजे वेळ वाढतो. आणि तरीही फार बारीक तपशील हाती लागेलच असे नाही. पुढे अतिसंवाहक तबकड्या वापरून एक टेस्लाचे आणि १.२ टेस्लाचे उघडे यंत्र झाले आणि हे अंतर बरेच कमी झाले. परंतु ती यंत्रे महाग. उलट बाजूने बोगदाही रुंद आणि आखूड होत गेला. दीड टेस्लाचे ७० सेंटिमीटर व्यासाचे यंत्र २००४ साली आले. ते दहा सेंटिमीटर ऐकावयाला थोडे वाटतात. खांद्यांना मात्र ते पुष्कळ वाटतात.

दुबळे चुंबक म्हणजे निरुपयोगी चुंबक, असे मात्र समजू नये. ॲबरडीनच्या त्या पहिल्या रुग्णाचा रोग ०.०४ टेस्लात दिसला होता. गुडघा, खांदा, मणक्यातील सरकलेली चकती, मेंदूतील ठळक दोष यांसाठी उघडे यंत्र पुष्कळदा पुरेसे होते. शरीरात बसविलेल्या धातूभोवती चित्र विस्कटते, ते दुबळ्या क्षेत्रात कमी विस्कटते, हा एक लाभही आहे. सूक्ष्म नसा, हृदयाची हालचाल, लहानशा गाठीचा नेमका विस्तार पाहावयाचा असेल, तर अधिक बळाचा आग्रह धरावा लागतो. म्हणून ‘उघडे यंत्र चांगले की बंद?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कशासाठी?’ हे त्यापुढे जोडले पाहिजे.

आणि आता या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात बंदिस्त जागेची भीती असलेल्या १७४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आखूड बोगद्याचे यंत्र, दुसऱ्याला उघडे. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बोगद्यात शेकडा ३९ जणांना भीतीने ग्रासले, आणि उघड्या यंत्रात शेकडा २६ जणांना. फरक दिसतो, परंतु तो निश्चित मानावा इतका संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. भिंती काढून टाकल्या, तरी घाबरट स्वभावाच्या चारांपैकी एक जण घाबरलाच. याचा अर्थ काय? आमच्या मते याचा अर्थ असा की, भय अंशतः भिंतीचे असते आणि अंशतः अज्ञाताचे. पहिले अभियंत्याने दूर करावयाचे. दुसरे ज्याने रुग्णाला आत निजविले त्याने.

रुग्णाने काय अपेक्षावे

तेव्हा जे सांगावयास हवे ते येथे सांगून टाकू. प्रथम प्रश्न विचारले जातील. हृदयात पेसमेकर आहे काय, मेंदूच्या नसेवर धातूची पकड बसविली आहे काय, कानात यंत्र रोवले आहे काय, गर्भ राहिला आहे काय. लेथवर, ग्राइंडिंगवर किंवा वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाने ते आपण होऊन सांगावे. डोळ्यात गेलेला पोलादाचा कण वर्षानुवर्षे तेथे असू शकतो आणि चुंबकात तो हलला तर डोळा जाऊ शकतो. पेसमेकर असणाऱ्याला पूर्वी सरसकट नकार मिळे. परंतु चुंबकात चालतील असे पेसमेकर आता निघाले आहेत, अमेरिकेत तशा पहिल्या पेसमेकरला २०११ साली मान्यता मिळाली, म्हणून त्याचे कार्ड बरोबर न्यावे.

मग अंगावरचा सर्व धातू काढावा लागेल. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, केसांतील आकडे, काढता येणारी कवळी, आणि विशेषतः साडीला लावलेल्या पिना. मंगळसूत्र काढताना आपल्याकडील स्त्रियांना जड जाते, आणि सोने चुंबकाला चिकटत नाही हेही खरे आहे. परंतु त्याच्या तारेत किंवा फाशात लोखंड असू शकते, धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडते. हे कारण आधी नीट सांगितले तर ती स्त्री ते स्वतः काढून मुलीच्या हाती देते. कारण न सांगता ‘काढा, काढा’ म्हटले तर तिच्या मनात भलतीच शंका येते.

यंत्र उघडे म्हणून धोका कमी, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात एम. आर. आय.च्या खोलीत आणलेला प्राणवायूचा नळा चुंबकाने खेचला आणि सहा वर्षांच्या मुलाचा त्यात अंत झाला. २०१८च्या जानेवारीत आपल्या मुंबईत रुग्णाबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक हातातील प्राणवायूच्या नळ्यासह यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणास मुकला. चुंबक अहोरात्र जागा असतो. तपासणी चालू नाही म्हणजे चुंबक बंद आहे, असे नव्हे. आणि उघड्या यंत्रातील कायमचा लोहचुंबक तर कळ दाबून बंद करताच येत नाही. म्हणून दारावरच्या सूचनेपाशी थांबणे हे रुग्णाच्या नातेवाइकाचेही कर्तव्य आहे.

आत गेल्यावर रुग्णाला फळीवर निजवितात. जो भाग पाहावयाचा त्याभोवती एक चौकट किंवा पट्टा बसवितात. संकेत पकडणारे वेटोळे ते हेच. मेंदूच्या तपासणीत ते डोक्याभोवती येते, म्हणून उघड्या यंत्रातही चेहऱ्यासमोर जाळी असते, हे आधी माहीत असावे. वरची तबकडी जवळ भासते. परंतु डावीउजवीकडे नजर टाकली तर खोली दिसते, दार दिसते. धातू काढलेला आणि प्रश्नांची उत्तरे दिलेला नातेवाईक पुष्कळ ठिकाणी शेजारी बसू शकतो, हात धरू शकतो. लहान मुलांना आणि वृद्धांना याहून मोठे औषध नाही. हातात एक रबरी फुगा देतात; दाबला की बाहेरच्या माणसाला कळते. कानात बोळे किंवा कानावर टोप्या घालतात. उघड्या यंत्राचा आवाज सामान्यतः सौम्य असतो, परंतु असतोच. दुखत काही नाही. अंग थोडे उबदार वाटू शकते. एकेक चित्रमालिका काही मिनिटे चालते, मध्ये शांतता होते, पुन्हा ठोके सुरू होतात. शांतता झाली म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. सर्व मिळून अर्धा तास ते तासभर, क्वचित त्याहून अधिक. ‘श्वास धरा’ म्हटले की धरावयाचा, ‘सोडा’ म्हटले की सोडावयाचा. हलल्यास चित्र अस्पष्ट होते आणि ती मालिका पुन्हा घ्यावी लागते.

काही वेळा शिरेतून गॅडोलिनियम या धातूच्या संयुगाचे इंजेक्शन देतात. १९८८ पासून ते वापरात आहे. २००६ साली मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या त्वचेवर होणाऱ्या एका गंभीर विकाराशी त्याचा संबंध आढळला. तेव्हापासून मूत्रपिंडाची चौकशी आधी करतात. ती केली नसेल तर रुग्णाने स्वतः आठवण द्यावी. यात उद्धटपणा नाही.

रुग्णाने आणखी दोन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. यंत्र किती टेस्लाचे आहे, आणि माझ्या दुखण्याला ते पुरेल काय? चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. अन्यथा भीतीपोटी उघड्या यंत्रात तपासणी करावयाची, ती अपुरी ठरावयाची, आणि पुन्हा बोगद्यात जाऊन दुसऱ्यांदा पैसे मोजावयाचे, असा दुहेरी भुर्दंड पडतो. ज्याला फार भीती वाटते त्याने ती लपवू नये. रुंद बोगदा, पाय आधी आत घालणे, डोळ्यांवर पट्टी, सोबतीला माणूस, सौम्य गुंगीचे औषध, असे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. परंतु न सांगितलेल्या भीतीवर कोणताच मार्ग चालत नाही.

रॅबींच्या प्रयोगापासून उघड्या यंत्रापर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. त्या काळात विज्ञानाने प्रोटॉनाचे डुलणे मोजले, त्याचा ठावठिकाणा लावला, देहाच्या आतील चित्र काढले आणि शेवटी यंत्राच्या भिंतीही बाजूला केल्या. उरले आहे ते काम विज्ञानाचे नाही. डॉक्टरांनी, तंत्रज्ञांनी पाच मिनिटे खर्च करून रुग्णाला पुढे काय होणार ते त्याच्या भाषेत सांगावयाचे, आणि रुग्णाने न लाजता विचारावयाचे, एवढेच ते आहे. दहा टनांहून जड चुंबक देशोदेशी नेऊन बसविणाऱ्या समाजाला ही पाच मिनिटे जड वाटू नयेत, अशी आमची अपेक्षा आहे.